पानाबाहेरची शितं

बँकॉकच्या नदीतून संध्याकाळी आमची बोट निघाली. काठावरची देवळं उजळली आणि डेकवर जेवणं सुरू झाली. समोरच्या टेबलाशी आमच्याच सहलीतले एक वयस्कर काका होते. त्यांनी तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं आणि भाताची चार शितं उजवीकडे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली. वाढणारी मुलगी लगबगीने आली आणि सांडलेलं समजून तिने ती हसत पुसली. काकांनी पुन्हा ठेवली. तिने पुन्हा पुसली.

माझे बाबाही चित्राहुती घातल्याशिवाय जेवत नसत. घरी जेवणं झाली की ती शितं उचलून चिमण्यांना घालायचं काम माझं. पण एकदा हॉटेलात त्यांनी ती टेबलावर ठेवली, तेव्हा शेजारी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मी पटकन हाताने पुसून टाकली. पुढे हॉटेलात बाबा शितं ताटातच, अगदी कडेला ठेवायचे. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

ती मुलगी तिसऱ्यांदा फडकं घेऊन आली, तेव्हा मी उठून तिला हातानेच थांबवलं. काका ओशाळले.

"अहो, जुनी सवय. जात नाही."

"असू दे, काका. जेवा तुम्ही सावकाश."

बोट पुलाखालून जाताना सगळे फोटो काढायला कठड्याशी धावले. मी त्या चार शितांकडे बघत बसले. बाबांना म्हणायचं राहिलेलं 'असू दे' मी दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबांना म्हणाले होते.