देवळाकडे निघालेले आमचे घरमालक

देवावर इतका जीव असलेला आणि त्याच देवाला रोज इतका ताटकळत ठेवणारा माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत दुसरा झाला नसेल. आमचे घरमालक काका दिवसातून दोनदा देवळात जायला निघत. निघत हे खरं. पोचत की नाही, हे सगळं वाटेत काय चाललंय त्यावर असे. महाडच्या आमच्या गल्लीतून देऊळ जेमतेम दहा मिनिटांवर होतं. पण सकाळी काकड आरतीला म्हणून अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात जास्वंदीची फुलं घेऊन बाहेर पडलेले काका नैवेद्याच्या वेळेला देवळाची पायरी चढत, तोवर फुलांनी माना टाकलेल्या असत. संध्याकाळच्या आरतीला निघाले की शेजारतीला पोचत. पुजारी दाराला कुलूप घालता घालता म्हणे, "या, आज लवकर आलात."

बाबांच्या बदलीमुळे आम्ही महाडला आलो तेव्हा मी अकरावीत होते. इंग्रजी शाळेतून आलेली, मराठीत बोलताना आधी मनात वाक्य जुळवून बघणारी आणि तोवर समोरचा माणूस निघून गेल्यामुळे ते गिळून टाकणारी. काकांना माझ्यासारखी मुलगी फार सोयीची वाटत असावी, कारण ते बोलत आणि मी ऐके. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे असत तेव्हा मी एक डोळा किलकिला ठेवून बाकीचे काय करतात ते बघत असे. तीच सवय इथे जिन्याच्या खिडकीत चालू राहिली. त्या खिडकीतून काकांचा देवळाकडचा अर्धा रस्ता दिसे, आणि त्या अर्ध्या रस्त्यात माझी करमणूक पूर्ण होई.

कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढणं चालू असेल तर काका थांबत. बुडबुडे कुठून येतात ते पाण्यात वाकून बघत आणि "हितं हाय, हितं" असं बोट दाखवूनच पुढे जात. दोन बायका भाजीवरून भांडत असतील तर दोघींचंही ऐकून घेत, आणि मग दोघी मिळून त्यांच्यावर उखडत. टीव्हीच्या दुकानाबाहेर माणसं जमलेली असली की स्कोअर विचारत, आणि आपला गडी बाद झाला असेल तर तो पुन्हा खेळायला येण्याची वाट बघत असल्यासारखे उभे राहत. दासगावची मासळी आली की एकादशी असली तरी टोपलीत डोकावत. "घ्यायचं नाय, नुसतं बघतोय," असं कोळणीला आधीच सांगत. ती म्हणे, "बघा बघा, देवानंच केलेत." यावर काका खरोखर हात जोडत.

पण हे सगळं किरकोळ. काकांचा खरा मोह होता मागे येणारं वाहन. त्यांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली होती, आणि तीही वरंध आणि आंबेनळीच्या घाटांत. तिथे समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे घ्यावं लागे, आणि कंडक्टरने खाली उतरून, दरीच्या बाजूला उभं राहून, पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" असं म्हणावं लागे. नोकरी संपली, पण तो हात काही खाली आला नाही. ट्रक असो, रिक्षा असो, लग्नाची गाडी असो, मागे येणारं चाक दिसलं की काकांच्या हातातली फुलं डाव्या हातात जात आणि उजवा हात वर होई. एकदा तर एक माणूस हातगाडी मागे ओढत होता, त्यालाही काकांनी वळण काढून दिलं. काकू म्हणत, "ह्यांना न्यायला यमाचा रेडा आला ना, तरी आधी तो रेडा नीट लावून घेतील आन मग बसतील."

या मोहापायी काकांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान झालं होतं. ते मला काकूंनी एकदा तांदूळ निवडताना सांगितलं. काकांचं गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला वर चढून गेल्यावर लागतं. तिथे दरवर्षी भात झोडून झाल्यावर मार्गशीर्षात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्याने देवासमोर उभं राहून "रामकृष्णहरी" म्हणत राहायचं. दुसरा शब्द नाही, देवळाबाहेर पाऊल नाही. याला पहारा म्हणतात. काकांचा पहारा चालू असताना बाहेर चिऱ्यांचा ट्रक चढावर मागे घ्यायला लागला. काका वीणेसकट बाहेर गेले. तार छेडणं थांबलं नव्हतं, चालही तीच होती. फक्त "रामकृष्णहरी"च्या जागी, त्याच सुरात, "येऊ द्या, येऊ द्या" चालू झालं, आणि आतल्या टाळकऱ्यांनी पेंगेत तेच धरलं. ट्रक सुखरूप लागला. पण सप्ताह मोडला की नाही यावर गाव दोन वर्षं भांडलं. शेवटी गावातले सगळ्यात जुने वीणेकरी तात्या म्हणाले, "वीणा वाजत व्हती, पण नाव देवाचं नव्हतं." तेव्हापासून काकांच्या गळ्यात वीणा पडली नाही. दर सप्ताहात ते पंगतीला पाणी वाढत आणि वीणेकडे बघत. "पाणी वाढताना पान चुकवत्यात," काकू म्हणाल्या. "बघतात तिकडं, आन पाणी भातात."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना काकू मला सप्ताहाला घेऊन गेल्या. "चल गो, पुस्तकं कुरतडून काय उंदीर व्हायचंय?" असं म्हटल्यावर मला नाही म्हणायचं वाक्य जुळवता आलं नाही. सहावा दिवस होता. मुंबईकर मंडळी दुपारी यायची होती आणि दुपारचे पहारे त्यांचे होते. पण त्यांची गाडी हायवेला कुठेतरी अडकली. गावातले बाप्ये त्यांचं सामान घ्यायला खाली रस्त्यावर जाऊन बसले होते. देवळात तात्या वीणा घेऊन उभे, समोर झोपेला आलेले दोन म्हातारे टाळकरी, आणि खांबाला टेकून मी. तात्यांचे गुडघे थरथरायला लागलेले मला स्पष्ट दिसत होते. सांगावं की नाही, सांगायचं तर कुणाला, असा विचार मी करत होते, तेवढ्यात पिठाच्या हातांनी काकू आत आल्या.

"तात्या, द्या ह्यांच्या गळ्यात."

तात्यांनी मानेनंच नाही म्हटलं. तोंडात नाम होतं.

"पडाल तुम्ही. वीणा पडंल. मग काय सांगाल गावाला? द्या. हे हलले तर मी हाय."

काका दाराशी पाण्याची बादली घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पंगतीत शेवटच्या पानावर लाडू येईल की नाही, असा चेहरा. तात्यांनी डोळ्यांनीच बोलावलं. काकांनी पाय धुतले, तात्यांच्या पाया पडले, तात्या त्यांच्या पाया पडले. वीणेच्या देण्याघेण्यात लहानमोठं नसतं. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली, काकांचं "रामकृष्णहरी" सुरू झालं आणि मगच तात्यांचं थांबलं. खांबाला धरून बसत तात्या पहिलं वाक्य बोलले, "उंबऱ्याभायेर पाय पडला तर पुढल्या सालाला पाणी वाढायला पण येऊ नको."

आता माझा किलकिला डोळा पूर्ण उघडला होता. पहिली काही मिनिटं काका असे उभे होते की विठोबालाच संकोच वाटावा. मग शाळेमागच्या घरातल्या टीव्हीवरून आरडाओरडा झाला. कोण बाद झालं? आपला की त्यांचा? काकांचा डावा कान त्या दिशेला वळला; कान असा एकटा वळू शकतो हे मी तेव्हाच पाहिलं. नाम चालू राहिलं. मग मागच्या चुलाणावरून बुंदीचा वास आला आणि पाठोपाठ "पाक पुढं गेला गो!" अशी हाक आली. पाकाच्या बाबतीत काकांचं मत पोलादपूर तालुक्यात मागितलं जाई, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. "रामकृष्णहरी" जरा घाईत झालं, पण झालं.

आणि मग टेम्पो आला. महाडहून पंगतीची भाड्याची भांडी घेऊन आलेला, आमच्याच गल्लीतल्या भाईचा. देवळाचं अंगण अरुंद, त्याच्या कडेला दगड रचलेला गडगा आणि गडग्याखाली दोन पुरुष खोल भाताचं खाचर. भाईने गाडी वळवून मागे घ्यायला सुरुवात केली आणि हाक मारली, "काका! मागं बघा ओ जरा!"

काकांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून उचलला गेला. तात्यांचे डोळे त्या अंगठ्यावर. माझेही. कपाळावरचं गंध घामाने ओघळून भुवईत आलं.

"काका, हायत ना मागं? येऊ दे का?"

बायकांचे हात पिठात, बाप्ये खाली रस्त्यावर, तात्यांना उठता येत नव्हतं. काकांचे ओठ "ये..." असे फाकले, आणि त्यातून बाहेर आलं ते "रामकृष्णहरी." इतक्या मोठ्याने की दोन्ही टाळकरी जागे झाले. काकांनी डोळे घट्ट मिटले आणि अंगठा खाली टेकला.

मी उठले. का उठले ते मला सांगता येणार नाही. खांबाला टेकून बघत राहणं हाच माझा स्वभाव होता. टेम्पोच्या मागे जाऊन उभी राहिले.

"कोण हाय मागं?"

"मी."

"मी कोण?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एरवीही नव्हतं. मी पत्र्यावर थाप मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा, मनात वाक्य न जुळवता, ओरडले, "येऊ द्या! येऊ द्या! अजून! बस्स!"

टेम्पो गडग्यापासून हातभर अंतरावर थांबला. भाई खाली उतरला, मला बघून चकित झाला, आणि मग उघड्या दारातून आत बघून त्याहून चकित झाला. चपला काढून तो पायरीशी आला.

"काका हलले नायत?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"या अल्ला!" तो म्हणाला. "चावी तशीच ऱ्हायली गाडीला," असं म्हणून तो परत गेला. पण गाडी बंद करून पुन्हा आला आणि काकांचा पहारा संपेपर्यंत पायरीवर बसून राहिला.

मुंबईकर पोचायला ऊन कलायची वेळ झाली. तोवर ही बातमी सबंध वाडीत गेली होती. बायका भाकऱ्या टाकून दारात गोळा झाल्या, खालची मंडळी धापा टाकत वर आली, आणि काका मिटल्या डोळ्यांनी, ओल्या सदऱ्याने, घोगऱ्या आवाजात नाम घेत उभेच. वीणा पुढच्याच्या गळ्यात गेली तेव्हा टाळ असे वाजले की सप्ताहाची सांगताच आहे असं कुणाला वाटावं. तात्या खांबाला धरून उठले, काकांच्या कपाळाला बुक्का लावला आणि म्हणाले, "पुढल्या सालापासून दुपारचा पहारा तुझा." काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, "पिठाचा हात लागला गो डोळ्याला."

दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज होतं. म्हणून त्याच संध्याकाळच्या एसटीला मला बसवून द्यायला काका पायवाटेने खाली निघाले. वाटेत मीच विचारलं, "काका, टेम्पो मागे येत होता तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

"टेम्पो," काका म्हणाले.

"आणि देव?"

"खोटं कशाला सांगू? मन टेम्पोपाशी गेलं, बुंदीपाशी गेलं, म्याचपाशी गेलं. मी म्हटलं, जा बाबा, फिरून ये. मी हाय हितंच."

"मग आलं का?"

"एकदा आलं," ते म्हणाले. "वाईच बसलं माझ्यापाशी. आन गेलं."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोललेले मला आठवत नाहीत. पुढच्या वळणावर ते थांबले. देवळातली वीणा आता दुसऱ्या कुणाच्या गळ्यात होती, आणि वाऱ्याबरोबर टाळांचा आवाज तुटक तुटक खाली येत होता. त्याच्या पुढच्या वळणावरही ते थांबले, आणि त्याच्याही पुढच्या. खाली रस्त्यावर एसटीचे दिवे दिसायला लागले तरी काका मान वर करून उभे होते.

"ऐकू येतंय ना गो अजून?"

"येतंय," मी म्हणाले. खरं तर दोन वळणांपासून मला फक्त दरीतली नदी ऐकू येत होती.