फडकं काळं निघतं तेव्हा

शशिकलाबाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि काही बोलायच्या आधी पदराच्या टोकानं माझं टेबल पुसायला लागल्या. रजिस्टर उचललं, खाली पुसलं, परत ठेवलं. पेनांचा डबा उचलला, तिथंही पुसलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या टेबलाला दिवाळीनंतर कुणाचा हात लागला नव्हता, आणि त्या कुणामध्ये मीही आलेच.

"पाहा मॅडम," मागे उभा असलेला त्यांचा मुलगा मंगेश म्हणाला, "घरीबी दिवसभर हेच चालते. भिंती पुसते, भांडे पुसते, पुसलेले भांडे अजून पुसते. एखादी गोळी द्या हिले."

मी गोळ्या देत नाही. मी समुपदेशक आहे. म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोपऱ्यातल्या एका खोलीत बसून लोकांचं ऐकायचं, आणि त्यांना झेपेल तेवढंच बोलायचं. गोळ्या देणारे मानसोपचाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यवतमाळहून येतात. बाकीचे दिवस मी. दारावरच्या पाटीत 'मन' हा शब्द आहे, त्यामुळे बाहेरच्या बाकावर लोक भिंतीकडे तोंड करून बसतात. ओळखीचं कुणी पाहिलं तर, ही भीती. मी स्वतः सोमवार ते शनिवार तालुक्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि शनिवारी संध्याकाळी यवतमाळला घरी जाते. घरी गेले की नवरा आणि दोन्ही पोरं आठवड्याच्या तक्रारी मलाच ऐकवतात. तुझं कामच ते आहे, म्हणतात. माझं ऐकून घ्यायचं काम मात्र कुणी करत नाही. असो.

मंगेश कोळशाच्या टिपरवर ड्रायव्हर. त्यांचं गाव कोळशाच्या डेपोला लागूनच आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्याची बायको प्रिया बाळंतपणासाठी केळापूरला माहेरी गेली होती, तिला मुलगी झाली. आता मायलेकींना घरी आणायची वेळ झाली आणि शशिकलाबाईंनी हट्ट धरला होता, लेकराला इथं आणायचं नाही.

"काहून?" मी विचारलं.

"धूळ हाय," शशिकलाबाई म्हणाल्या.

"धूळ काय आत्ताच आली का व?" मंगेश वैतागला. "मी याच धुळीत मोठा झालो ना!"

"तवा डेपो नव्हता."

"पाहा मॅडम. माह्या पोरीचं तोंड मी फोनवर पाहून राह्यलो. व्याही नाराज हायेत. आईले समजावा."

दुपारी आमच्या सुपरिंटेंडंट साहेबांनी मला व्हरांड्यातच गाठलं.

"ती पुसणारी बाई. ओसीडी दिसते."

ओसीडी म्हणजे एकच विचार डोक्यात फिरत राहणं आणि तो शांत करायला तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. गॅस बंद केलाय हे ठाऊक असूनही माणूस परत परत उठून पाहतो, तसं.

"सर, त्यांचं घर डेपोला लागून आहे. धूळ खरी असणार."

"असेल ना. पण सगळ्या गावाला आहे. बाकीचं गाव येतं का तुमच्याकडं टेबल पुसायला?"

"पाहते सर," म्हणाले. सरकारी नोकरीत हे उत्तर बऱ्याच प्रश्नांना चालतं.

पुढच्या वेळी शशिकलाबाई एकट्या आल्या. मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. घाबरलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो. तो सावकाश आणि खोल केला की छातीची धडधड उतरते. हे मी इतक्या लोकांना शिकवलंय की झोपेतही शिकवीन.

"शशिकलाबाई, डोळे मिटा. आता खोल श्वास आत घ्या. दररोज सकाळी दारात बसून करायचं."

त्यांनी डोळे उघडले.

"मॅडम, काय घेऊ आत?"

"श्वास."

"माह्या दारात?"

हवेलाच भिणाऱ्या बाईला मी जास्तीची हवा ओढायला सांगत होते. माझ्या प्रशिक्षणात यावर एक अख्खी दुपार गेली होती, जेवणही चांगलं होतं, पण हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता.

मग मी होम व्हिजिट ठरवली. पेशंटच्या घरी जाऊन पाहणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. ऊन आणि एसटी यांमुळे तो मागे पडतो. मुकुटबनकडे जाणाऱ्या गाडीत बसले, फाट्यावर उतरले, चालत निघाले. रस्त्याच्या कडेची बोरबाभळीची पानं काळपट. टिपर गेला की मी पदर नाकाला लावत होते, आणि मी तर दोन घटकांची पाहुणी.

शशिकलाबाईंचं घर भर दुपारी बंद होतं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, दाराला आतून ओलं लुगडं टांगलेलं. आत उकडत होतं. भुताच्या घरात शिरल्यासारखं वाटलं, फक्त भूत अगत्यशील होतं आणि चहा ठेवत होतं. कप धुतला, पुसला, उलटा ठेवला, चहा ओतायच्या आधी परत पुसला. मग त्यांनी फडकं माझ्यासमोर धरलं.

"पाहा."

फडकं काळं होतं.

इथं माझी गाडी अडली. ओसीडीत माणूस स्वच्छ भांडं पुसतो आणि फडकं पांढरंच राहतं. इथं फडकं काळं निघत होतं. त्या पुसण्याला आजार कसं म्हणणार? दुसऱ्या बाजूनं, त्या झाकण घट्ट लावलेल्या डब्याच्या आतलंही पुसत होत्या, झोपत नव्हत्या, वाळत चालल्या होत्या. धूळ खरी होती आणि भीती तिच्याही पुढं निघून गेली होती. ती एवढी का वाढली, हे शोधायचं होतं.

"बाकीच्या बायका काय म्हणतात?"

"काईच नाई. त्यायच्याकडं धूळच नाई म्हनतात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मॅडम, माहे डोळे तर नसतील ना बिघडले?"

हे विचारताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

त्यांनी स्लॅबवर जायचा जिना दाखवला. गल्लीत पहिला स्लॅब त्यांच्याच घरावर घातला गेला होता. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बाया इथं जमायच्या. मुगाची डाळ वाटायची, त्यात कोहळा किसून घालायचा, आणि खाटेवर लुगडं पसरून मुंगवड्या घालायच्या. आज हिच्या, उद्या तिच्या. गेल्या उन्हाळ्यापासून बंद. खाट भिंतीला उभी टेकलेली होती.

"धुळीमुळं?"

"धुळीनं तं हायेच. पन त्याच्या आदी मी ग्रामसभेत बोलली." त्यांनी हळूच सांगितलं. टिपरवर ताडपत्री काहून नाही झाकत, रस्त्यावर पाणी काहून नाही मारत, एवढंच विचारलं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणाचं काम गेलं नाही. ठेकेदाराच्या माणसानं शेजारच्या सुनंदाच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी हसत विचारलं, तुमच्या गल्लीत लय आवाज झाला म्हणे? बस. त्या दिवसापासून जिना रिकामा.

निघताना मी सुनंदाच्या दारात थांबले. चाळिशीची, हसरी बाई.

"धुळीचा काही त्रास?"

"छे व! आमच्याकडं नाई बाप्पा. त्या शशिकलाबाईच्या मनात बसली धूळ."

ती बोलत होती आणि तिच्या मागं दाराला आतून ओलं लुगडं टांगलेलं होतं. माठावर दुहेरी कापड, वर ताट, ताटावर पुन्हा कापड. मी निरोप घेतला. गल्लीच्या नळावर मात्र जरा रेंगाळले. बाया धुणं धूत होत्या. लुगडी, पोरांचे कपडे, सगळं होतं. पुसायचं फडकं एकीच्याही हातात नव्हतं. फडकी प्रत्येकीनं आपापल्या मोरीत धुतली असणार.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर नळावर होतं. सगळं गाव पुसत होतं. फक्त दार लावून. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी डेपोवर नाही तर टिपरवर. धूळ आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग कामावर कशाला जाता? म्हणून धूळ नव्हती. आणि सगळ्यांनी नाही म्हटलेली गोष्ट एकट्या बाईला दिवसरात्र दिसत राहिली, तर ती आधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेते आणि मग डब्याच्या आतही पुसायला लागते.

भीतीच्या उपचारात आम्ही माणसाला भीतीच्या वस्तूजवळ थोडं थोडं नेतो. कुत्र्याची भीती असेल तर आधी कुत्र्याचं चित्र, मग लांबचा कुत्रा. कोळशाच्या धुळीच्या बाबतीत हे शिकवणारी मी कोण? धूळ चावतेच. मी दुसऱ्या बाजूनं जायचं ठरवलं. परत सुनंदाच्या दारात गेले आणि म्हणाले, "मला मुंगवड्या शिकायच्या आहेत. शशिकलाबाई शिकवते म्हणाल्या, पण एकटीचा हात पुरत नाही. याल का?"

शशिकलाबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मला मुंगवड्या येत नाहीत हे मात्र शंभर टक्के खरं. माझी सासू हे आजही पाहुण्यांना सांगते.

सुनंदानं आधी रस्त्याकडं पाहिलं. "त्यायच्या घरी?"

"हो."

"येईन. पन मांगच्या दारानं येईन."

पुढच्या आठवड्यात मी डाळ आणि कोहळा घेऊन गेले. शशिकलाबाईंनी खाट खाली आणून घरातच पंख्याखाली टाकली. मागचं दार वाजलं. सुनंदा आत आली, दोघींनी एकमेकींकडं पाहिलंच नाही. डाळ वाटायला बसल्या.

"कोहळा जास्त झाला," शशिकलाबाई भिंतीला म्हणाल्या.

"मॅडमनं आनला," सुनंदा खाटेला म्हणाली. "त्यायले काय समजते."

मी घातलेली पहिली मुंगवडी पाहून दोघी एकदम हसल्या. शेणाच्या गोवरीएवढी झाली होती. माझ्या नोकरीत इतका उपयोगी पडलेला दुसरा नमुना नाही. हसता हसता शशिकलाबाईंनी सवयीनं फडकं उचललं, खाटेची कड पुसली आणि एकदम लपवलं.

सुनंदानं ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं.

"माह्याइथंबी असंच निंघते," ती म्हणाली. "रोज पुसा लागते मले."

शशिकलाबाईंचा हात डाळीत तसाच राहिला.

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलली व सुनंदे? वर्षभर मले येडी म्हनू देल्लं तुनं."

"मालक तिथंच जाते ना कामाले. मी काय बोलू?" मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "अजून एक सांगू का? केळापूरवाले काय म्हनून राह्यले ठाऊक हाय का तुले? पोरगी झाली म्हनून सासू घरात घेत नाई, असं."

शशिकलाबाईंकडं कुणी येत नव्हतं, म्हणून ही गोष्ट गावभर फिरून आली तरी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

तेवढ्यात मागं अंगणात कापड झटकल्याचा आवाज आला. मंगेश ड्युटीवरून आला होता. शर्ट काढून लिंबाच्या खोडावर आपटत होता, आईला दिसू नये असा आडोशाला. आत आला आणि आमच्या तिघींकडं पाहत राहिला.

"व्याह्यायले काय सांगतलं तू?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"तुही तब्येत बरी नाई म्हनून."

"अन् धूळ?"

तो खाली बसला. "मामाजीनं चांगली नोकरी पाहून पोरगी देल्ली, आई. त्यायले काय सांगू? मी जे भरून नेतो तेच घरात येते, असं सांगू?"

मी काही सुचवायला तोंड उघडलं होतं. सुदैवानं शशिकलाबाई आधी बोलल्या.

"तेच सांग. मी नातीले नको म्हनतो असं ते लेकरू मोठं होऊन आयकनार हाय का? लाव फोन."

त्यानं लावला. स्पीकरवर नाही, पण घर बंद होतं, सगळं ऐकू येत होतं.

"मामाजी, आई पोरीले नाई म्हनत नाई... नाई, तब्येत बी बरी हाय. इथं धूळ हाय. कोळशाची... हाव, घरात. लय हाय. मी तुमाले बोललो नाई."

पलीकडून जड आवाज आला, "हे आदी सांगाचं ना जावईबापू. आमी वेगळंच धरून बसलो." मग विचारलं, "तुमी जेवता कुठं, त्या धुळीतच?"

मंगेशनं फोन आईकडं दिला.

याचा शेवट गोड झाला, असं मी म्हणणार नाही. प्रिया आणि मुलगी पाऊस लागून धूळ बसेपर्यंत केळापूरलाच राहतील असं ठरलं. शशिकलाबाई एसटीनं जाऊन नातीला मांडीवर घेतात. गेल्या की तिथं दोन-चार दिवस राहतात आणि एकदाही काही पुसत नाहीत, असं प्रियानं मला फोनवर सांगितलं. इकडं त्या दिवसांत मंगेश बंद घरात एकटा भात लावून खातो. टिपर चालू आहेत. ताडपत्री कधी असते, कधी नसते.

साहेबांनी विचारलं, "सुधारणा?"

"आहे सर."

"पुसणं थांबलं?"

"नाही. पण डब्यांच्या आतलं थांबलं. झोप लागते."

"मग केस बंद करायची की नाही?"

"सर, आता त्या फडकं गल्लीच्या नळावर धुतात. सुनंदाही. परवा तिसरी एक आली म्हणे."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पुढचा पेशंट मीच. रजिस्टरमध्ये या गोष्टीला रकाना नाही. मी 'सुधारणा' लिहिलं.

माझ्या वाट्याच्या मुंगवड्या शशिकलाबाईंनी पिशवीत बांधून दिल्या होत्या. माझी गोवरीही त्यात होती. खोलीवर आल्यावर भाजीसाठी भिजत घातल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी काळपट. मी घरी फोन लावला.

"पाणी काळं निघालं," मी म्हणाले.

"मग धू की परत," नवरा म्हणाला. मागं मॅच चालू होती. "अजून काही?"

"नाही."

खोलीतल्या खिडकीच्या कठड्यावरून मी बोट फिरवलं, उगाच. बोट पाहिलं. मग शशिकलाबाईंना फोन लावला.

"बाई, मुंगवड्यांचं पाणी काळं निघालं."

"हाव," त्या समाधानानं म्हणाल्या. "निंघतेच. दुसरं पानी टाका. मी हाय फोनवर."

फोन कानाला धरून मी दुसरं पाणी टाकलं.

तेव्हापासून खोल श्वास घ्या म्हणण्याआधी मी पेशंटला गाव विचारते.