दिलीपची तीन तारांची कॉर्ड

दिलीपची मुलगी, प्रज्ञा, एरवी संध्याकाळी फोन करते. त्या दिवशी तिचा फोन सकाळीच आला. मी मार्केट यार्डात फुलांच्या बाजारात होतो, गलक्यात नीट ऐकू येईना. "काका, बाबा गेले," ती दुसऱ्यांदा म्हणाली. हातातली शेवंती परत ठेवून मी बाहेर आलो आणि आता हे कुणाला कळवायचं याचा विचार करू लागलो. आमच्या बँडमधला ड्रमवाला परदेशी स्थायिक झालेला, पियानोवाला केव्हाच वारलेला. असं काही झालं की मी ज्याला फोन करायचो, तो दिलीपच होता...

दिलीप येरवड्यात वाढला. जयंतीच्या गाण्यांना गिटारची साथ करता करता त्याचा हात तयार झाला. पुढे सरकारी खात्यात आरेखक म्हणून लागला, आणि जुन्या बाजारात मिळालेल्या रेकॉर्डींनी त्याला जॅझची गोडी लावली. मी वारज्याचा, शेतकरी घरातला, माझी बेस गिटार पाहून आमचे आजोबा विचारायचे, "ह्येचा आवाज कुठं हाय?" शनिवार-रविवार आम्ही एका हॉटेलच्या लॉबीत वाजवायचो. तिथेच एका दुपारी, सरावाच्या वेळी, त्याने मला लोक्रियन नावाची पाश्चात्य स्वरमाला दाखवली. पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या, नीपासून वरच्या नीपर्यंत. पण त्या नीलाच सा मानलं की पंचम जागेवर सापडत नाही, अर्धा सूर खाली घसरलेला असतो. टेकायलाच काही नाही. "ह्यात जीव रमत नाही रे," मी म्हणालो. "मुक्काम करायला कुणी सांगितलंय? थोडं थांबायचं आणि पुढच्या कॉर्डची गाडी पकडायची," तो म्हणाला. स्वतः मात्र सोलो घेताना तिथेच इतका रेंगाळायचा की चहा पिणारे पाहुणे मान वर करून बघायचे. मॅनेजर एकदा म्हणाला, जरा आनंदी वाजवा. "पाहुण्यांचं बिल झालं की वाजवतो," दिलीप म्हणाला.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्याला पक्षाघात झाला. डाव्या हाताची दोनच बोटं तारांवर नीट दाबली जायची. पाच तारांवर पसरलेल्या कॉर्ड, एकत्र छेडायचे ते सूर, गेल्या त्या गेल्याच. कित्येक महिने गिटार पेटीत होती आणि मी गेलो की आम्ही क्रिकेटवर बोलायचो. मग एका बुधवारी त्याने ती बाहेर काढलेली दिसली. "जी नाईनचे पाचही सूर आता मला धरता येत नाहीत. पण लोक्रियनची ती बीवरची, त्या नीवरची, कॉर्ड तीन तारांत बसते. तेवढी मी धरतो, खालचा जी तू बेसवर दे." मी दिला. त्याचे ते अधांतरी तीन स्वर माझ्या सुरावर येऊन बसले आणि जी नाईन खोलीत भरून राहिली. तो हसला नाही, नुसतं म्हणाला, "पुन्हा." त्यानंतर प्रत्येक गाण्यातल्या मोठ्या कॉर्ड काढून त्यांच्या जागी त्याने अशा छोट्या कॉर्ड शोधल्या. बुधवारी मी वारज्याहून येरवड्याला जायचो, आणि वाटेतल्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचलो की तो म्हणायचा, "आलात? बसा, जमीन आली." सोलो तो आता फार थोड्या सुरांत घ्यायचा. कधी दोनच सूर, आणि मध्ये केवढी तरी शांतता... मी त्या शांततेत वाजवत राहायचो.

तो झोपेत गेला. बुधवार तसे अजूनही येतात.

परवा प्रज्ञाने बोलावलं. माझी बेस तिथेच राहिली होती. ती उचलून निघणार, तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "काका, वाजवता? तुमचं ते नेहमीचं. स्वयंपाकघरात दर बुधवारी कानावर असायचं, आता घर फार गप्प झालंय." मी त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो. आमचं सर्वांत आवडतं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, फक्त माझे खालचे सूर, त्याच्या जागा त्याला सोडत. ती ओट्याचं फडकं हातात धरून दारात उभी राहिली होती.

"छान होतं," ती म्हणाली. मग जरा अडखळून तिने विचारलं, "कुठलं होतं हे, काका?"

"तेच," मी म्हणालो.