बंबावरचे आतोबा

हुकूम सोडायचा पगार घेऊन आयुष्यभर लोकांना नुसतं विचारत राहिलेला माणूस अख्ख्या पिंपरीत एकच, आणि ते माझे आतोबा. माळावर नुकते कारखाने उभे राहत होते तेव्हा आरमारातून निवृत्त झालेले आतोबा काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात आगीच्या बंबावर प्रमुख म्हणून आले. हाताखाली आठ माणसं, सगळी आसपासच्या गावांतली शेतकरी. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, तरी बंबखान्याची फरशी पुसायची झाली की आतोबा म्हणत, "डेक धुवा." घरी आमटीत मीठ किती घालायचं यावरसुद्धा सगळ्यांत धाकट्याचं मत ते आधी घेत. आत्या कपाळावर हात मारी, "अहो, जहाज असंच चालवायचात का?" ते गंभीरपणे सांगत, "आमचा एक कप्तान कुणाला विचारत नसे. त्यानं जहाज वाळूत घातलं. वाळू आम्हा सगळ्यांना दिसत होती गं, पण बोलायची परवानगी नव्हती!"

एका दुपारी बाटल्या बांधायच्या गवताच्या गोदामाला आग लागली. मी तिथेच कारकून होतो, धावत गेलो. मॅनेजर ओरडत होते, "दारातून पाणी मारा, दारातून!" आतोबांनी सगळ्यांत नव्या माणसाला, भोसरीच्या रामाला, विचारलं, "रामभाऊ, काय करूया?"

रामा चाचरला. "वारं मागल्या अंगाला चाललंय, आग तिकडंच जाणार. तिकडचं गवात आदी वडून काढू. आमी खळ्यावर तसंच करतो."

"चला."

मॅनेजर आडवे आले. "माझा हुकूम आहे!"

"ऐकला, साहेब. जबाबदारी माझी. नोकरी उद्या घ्या," म्हणत आतोबा स्वतः पहिले मागच्या दाराने घुसले. अर्धं गोदाम वाचलं. जळली ती फक्त आतोबांची डावी मिशी.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावून विचारलं, "प्रमुख तुम्ही की तो?"

"मीच. म्हणून तर चुकलं असतं तर मी गेलो असतो, रामा नाही."

नोकरी राहिली. पुढे वय झालं तेव्हा त्यांच्या जागी करड्या आवाजाचा नवा प्रमुख आला. आतोबा रोज सकाळी फिरायला निघत, पण कारखान्याच्या भिंतीकडून न जाता रुळांच्या कडेचा लांबचा रस्ता धरत. गुडघे दुखत, तरी तोच. मी एकदा कारण विचारलं.

"बंबाच्या कवायतीची वेळ असते. मी दिसलो की पोरं माझ्याकडे बघतात. मग त्या बिचाऱ्याचं कोण ऐकणार?"

तेवढ्यात लांबून बंबाची घंटा ऐकू आली. आतोबांची पावलं जरा मंदावली. थांबली मात्र नाहीत.