बाबांच्या इंजिनाचे दात

बाबांच्या दहाव्याला मी कावळ्याला एक शब्द दिला, आणि दुर्दैवाने तो त्याला पटला.

लोणावळ्यात नदीकाठी आम्ही तासभर उभे होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता.

"आईला सांभाळीन," मी हात जोडून म्हणालो. कावळा फांदीवर ढिम्म. "घर विकणार नाही." त्याने मान वळवली!

तेव्हा आई हळूच म्हणाली, "त्यांचं इंजिन रे..."

बाबा रेल्वेत फिटर. जुन्या बाजारात मिळालेलं चावीचं छोटं इंजिन ते रोज संध्याकाळी घरात फिरवत. त्यांच्या आजारपणात त्याच्या आतलं दातेरी चाक झिजलं आणि ते थांबलं, ते थांबलंच.

"इंजिन दुरुस्त करीन," मी म्हणालो. (मी ग्रंथपाल आहे. आमच्या घरातला बल्ब आई बदलते.)

कावळा तत्क्षणी खाली उतरला.

माझा मामेभाऊ सुदाम नवलाख उंबरे या गावी राहतो, कारखान्यात गिअर कापतो. मी त्याला फोटो पाठवला.

"दादा, लय झिजलंय. दात कुटं ऱ्हायलेत? नुसत्या हिरड्या! नवं कापतो, पर माप घे आन् दात मोजून सांग."

मी दोन पुस्तकं वाचून, भिंग लावून मोजले. वीस. सुदामने वीस दातांचं चाक कापून आणलं. ते बसेना.

"मोजायला सुरुवात कुटनं केलीस?"

"वरच्या तुटक्या दातापासून."

"आन् संपवलं कुटं?"

"त्याच दातापाशी."

सुदामने वीस दातांचं चाक परत खिशात टाकलं. मग जाऊन एकोणीस दातांचं कापून आणलं.

मी ते बसवताना आतली स्प्रिंग सुटली, खोलीभर थयथयाट करून बाबांच्या फोटोचा हार घेऊन खाली पडली. फोटो तिरका झाला.

"ते तुला इंजिनाला हात लावू देत नसत," आई फोटो सरळ करत म्हणाली, "ते उगाच नव्हे."

वर्षश्राद्धाला पानं उठल्यावर मी पुन्हा जोडलेलं इंजिन फरशीवर ठेवलं. चावी दिली. खर्रर्र... तोच आवाज! आईने डोळे मिटले. वर्षभर ती याच आवाजाची वाट पाहत होती.

तिने डोळे उघडले, तेव्हा इंजिन धुराडं मागे ठेवून दाराकडे उलटं चाललं होतं.

"दातांच्या संख्येचा परिणाम असावा," मी गंभीरपणे म्हणालो.

"न्हाई व्हत तसं," सुदाम म्हणाला.

"अरे," आई म्हणाली, "वरचा पत्रा उलटा बसवलायस तू!" आणि हसू लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

मी घाईने स्क्रू ड्रायव्हर उचलला. तिने माझा हात धरला.

"चालतंय ना? मग आता तू हात लावू नकोस."

तेव्हापासून आमचं इंजिन रोज संध्याकाळी उलटं धावतं. घाटात गाडी ढकलून झाली की इंजिन असंच माघारी येतं, असं मी पाहुण्यांना समजावतो. पुण्याचे पाहुणे मान डोलावतात. लोणावळ्याचे पाहुणे आईकडे बघतात, आणि आई त्यांना आणखी चहा घ्यायला सांगते.