मामाच्या खदानीतला पळस

पोळ्याला कशाला जातेस, चिखलात फसशील, असं आई बजावत होती. पण मी कोणाचं ऐकते! साठच्या दशकातली गोष्ट. बाळापूरजवळच्या खेड्यातून माझ्या नामदेवमामाचा निरोप आला होता, "खदानीत पयस उभा झाला, पाहाले ये."

आमच्या राजापेठेतून निघून एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली की गरम भजी घ्याच, पुढे पोटाला आधार राहतो. अकोल्याहून बाळापूर, तिथून पायी. उद्यावर पोळा आलेला, त्यामुळे बंडीला बैल जुंपायला कोणी तयार नव्हतं. काळ्या मातीत चपला रुततात, तुम्ही सरळ हातात घेऊन चाला.

ही खदान म्हणजे गावाचं जुनं गायरान. रस्त्यासाठी मुरूम खोदून नेला आणि मागे उघडा खड्डा उरला. मामाने लहानपणी तिथेच गुरं चारली होती, तो खड्डा काही त्याला बघवेना. नाल्याची माती डोक्यावर वाहिली, बिया टोचल्या, काट्यांचं कुंपण घातलं. मग सरपंच म्हणाले, पोळ्यानंतर पंच येऊन पाहतील; झाडं दिसली तर जागा पुन्हा गायरान, नाहीतर उरलेला मुरूमही ठेकेदाराला.

आणि झाडं होती! कमरेएवढा पळस, मध्ये हिवर आणि बोर. मी म्हटलं, "नर्सरीतून चांगली रोपं कावून नाही आणली?"

"इथं पानी कोठी हाय बाई? पयस मांगतच नाही," मामा हसला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

दुपारनंतर गाव खदानीकडे लोटलं. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात, तेही पळसाच्या पानांनी. एरवी पानांसाठी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जावं लागे. यंदा पळस दाराशी आलेला. मामाने स्वतःच कुंपणाचे काटे बाजूला केले.

"मामा, अहो नाही म्हणा ना! पंच येणार आहेत."

"बैलाच्या पानाले नाही म्हनू? मले जमत नाही ते."

पानं तोडता तोडता लोक फांद्याच मोडू लागले, मधलं हिवर-बोर पायांखाली गेलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट जो तो मामाचं कौतुक करत होता. संध्याकाळी दारोदार बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं गेलं. मामीच्या आंबाडीच्या भाजीला अशी चव होती की मी भाकरी मागून घेतली.

पोळा थाटात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच आले, मागोमाग निम्मं गाव.

"नामदेव, झाडं कुठी हायेत गा?" सरपंचांनी विचारलं. "हे तं खुंट हायेत."

"फुटतीन ना, मालक. महिनाभर थांबा."

"ठेकेदार थांबून राहिला."

मामी पदर खोचून पुढे झाली. "तुमच्या बैलाच्या खांद्याले कायची पानं लावली, बाप्पा?"

सरपंचांनी शब्द काही फिरवला नाही. मामा गावकऱ्यांकडे पाहत होता, कोणीतरी काही बोलेल म्हणून. मला अजून त्याचा तो चेहरा आठवला की जीव तुटतो.

परतीच्या गाडीत मामीने बांधून दिलेल्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या. घरी आईने विचारलं, "झाला का पोळा चांगला?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तिकडे गेलात तर रस्ता आता छान आहे, गाडी सुसाट जाते. खदान मात्र पुरती खोदून झाली, आणि मामाने पुन्हा कधी बी टोचलं नाही. राग मला ठेकेदाराचा येत नाही, त्याचा तो धंदाच. तोडलेला पळस महिनाभरात पुन्हा फुटतो, हे त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानेही तसं म्हटलं नाही.