मोठ्यानं वाच, मी ऐकून राहिले

शाळेत न जाता मी दहावी झाले हे कळलं की लोक आधी मला नीट निरखून पाहतात. कुठं काही कमी आहे का! लहानपणी तर तोंडावरच विचारायचे. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की घर पाहुण्यांनी भरायचं आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितवीत आहेस?" मी "घरीच शिकते" म्हटलं की पाहुणीबाई आईकडे वळून आवाज खाली करायची. "पोरीले झटके गिटके येतात का वो? डॉक्टरले दाखवलं का?" अस्सा राग यायचा! चांगली धडधाकट होते. बोरीवर चढायचे, बोडीत पोहायचे. पण ते कोण ऐकतो?

खरी गोष्ट अगदी साधी होती. नव्व्याण्णव साली केशोरीकडच्या आमच्या खेड्यात मला पहिलीत घातलं. गुरुजी एक आणि वर्ग चार. ते बिचारे तरी काय करतील? एका वर्गाला शिकवायचं तर बाकीच्यांनी गप्प बसायला हवं. त्यामुळे दिवाळीपर्यंत मी एकच गोष्ट पक्की शिकले, हाताची घडी आणि तोंडावर बोट. घरी आले तरी तशीच बसायचे. एके सकाळी आईनं माझं दप्तर खुंटीला अडकवलं. "माही बोलती पोरगी मुकी होऊन राहिली. नाही धाडत मी." बाबा म्हणाले, "पाय बापा, तुले जमत असन तर." संपलं. यात ना आजार होता, ना कुठलं मोठं तत्त्वज्ञान.

आई आठवी शिकलेली. "आठवी शिकलेली बाई काय शिकवन?" असं गावभर चालायचं. आता सांगते काय शिकवायची ते. सकाळचा स्वयंपाक उरकला की ती छपरीत सूप घेऊन बसायची. घरचाच तांदूळ, पण त्यात खडे मरणाचे. नजर सुपातून हलवायची सोय नाही. म्हणून तिनं माझी वही कधी पाहिलीच नाही. मी लिहायचं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचं. "मोठ्यानं वाच, मी ऐकून राहिले," हे तिचं रोजचं वाक्य. मी चुकले की सूप थांबायचं. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसतं सूप थांबायचं. मी मागं जाऊन वाक्य सुधारलं की पुन्हा चालू. गणित तिलाही अडायचं. तेव्हा आम्ही दोघी तेच उदाहरण पुन्हा पुन्हा म्हणत बसायचो, सूप मांडीवर तसंच, दुपार व्हायची.

लोकांना वाटायचं, घरी शिकते म्हणजे हिला मजाच मजा. डोंबलाची मजा! शाळेच्या पोरांना सुट्टी तरी मिळायची. मला रोवणीतही नाही. आई चिखलात वाकून परे, भाताची रोपं, लावायची आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून पाढे ओरडायचे. धानाच्या बांधीतल्या सगळ्या बायांना माझे पाढे पाठ झाले होते. आणि ही चार माणसांत बोलणार कशी, म्हणून ज्यांना काळजी, त्यांनी जरा माझं ऐकायचं होतं. घरात आणि धुऱ्यावर झाडीबोली, शेजारच्या पोवार बायांशी त्यांची पोवारी, बाबांबरोबर गोंदियाच्या बाजारात गेले की दुकानदाराशी हिंदी. मला गप्प कसं करायचं हाच घरच्यांपुढचा प्रश्न होता.

हा प्रश्न, आणि माझ्या शाळेचाही, सगळ्यात जास्त मोठ्या बाबांना पडायचा. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरात त्यांचाच शब्द चालायचा. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही, पदर पुढे ओढते आणि निरोप मधल्या माणसाकडून जातो. आमच्या घरी ते मधलं माणूस मी. दोघं एकाच छपरीत, चार हातांवर. तरी मोठे बाबा मला म्हणायचे, "सांग तुह्या मायले, पोरीचं वाटोळं करून राहिली." आई मला म्हणायची, "सांग त्यायले, होत नाही वाटोळं." मी मान इकडून तिकडे फिरवत बसायचे.

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. तो भरला तेव्हा मोठ्या बाबांनी शेवटचा निरोप धाडला. "सांग तिले, ही पहिल्या खेपेत पास निघाली तर ठीक. नाही तर धाकटीले गोंदियाले होस्टेलात टाकीन." धाकटी बहीण तेव्हा नुकती अक्षरं जोडायला लागली होती. आईशेजारी सुपाला टेकून बसायची.

पहिला पेपर मराठीचा. मला कसली भीती? प्रश्न वाचला, पेन उचललं आणि सुरू झाले. बाजूला सुपरवायझर बाई येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंसुद्धा नाही. त्यांनी पेपरच ओढला. "कोणाला सांगून राहिलीस उत्तरं?"

"कोणाला नाही मॅडम. लिहून राहिले."

"तोंडानं लिहितात का?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मोठ्यानं म्हणत होते! घरच्यासारखी, धुऱ्यावरच्यासारखी. बाई पेपर परत देत म्हणाल्या, "पुन्हा आवाज आला तर कॉपीची केस करीन." मी तोंड मिटलं आणि हातही थांबला. पुढचं वाक्य येईचना. घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता.

आई फाटकाबाहेर उभी होती. मी सांगितलं तशी आधी ती हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्याच पायी झालं हे." एसटीत मला सारखी धाकटी दिसत होती, पेटी घेऊन होस्टेलच्या दारात उभी.

घरी आल्यावर आईनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. तिचे रिकामे हात मी पहिल्यांदाच बघत होते. "लिव, तोंड मिटून." दोन ओळी झाल्या नाहीत तर माझे ओठ हलायला लागले. मग ती उठली आणि बरणीतून वाळलेला आवळा आणला. "हा गालात ठेव. तोंड उघडशीन तर पडन. आतल्या आत बोल. मले ऐकू येते असं समज."

आणि जमलं की हो! उरलेले सगळे पेपर मी गालात आवळा धरून लिहिले. त्याच बाईंनी एकदा तोंड उघडायला लावलं. आत वाकून पाहिलं, "आवळा?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

निकाल पाहायला मोठे बाबा स्वतः अर्जुनीला गेले. आले, पाणी प्यायले, गमछ्यानं तोंड पुसलं. आमचा जीव टांगणीला आणि यांचं सगळं सावकाश! मग मला म्हणाले, "निघालीस. मराठीत कशीबशी, बाकी चांगली." आणि पुढे म्हणाले, "सांग तुह्या मायले, धाकटीले पहिल्यापासूनच तोंड बंद करून लिवाले शिकव."

म्हणजे होस्टेल नाही! मला रडूच कोसळलं. सवयीनं निरोप द्यायला आईकडे वळले, तर तिचं सूप थांबलेलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि मला ओलांडून सरळ त्यांच्याशी बोलली.

"नाही भाऊजी. तिलेही मोठ्यानंच शिकवीन. आवळे हायेत घरात."

मोठ्या बाबांनी गमछा खांद्यावर टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग तिले, बरं."

मला सांगावं लागलं नाही. सूप पुन्हा चालू झालं होतं.